आरओएस बनतच नाही, मग दाह कमी व्हायला हवा ना? सीजीडीमध्ये उलटं का होतं?

प्रश्नांकिता:
नमस्कार, एमएस्सीला आहे, पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे, विषय घेतलाय रोगप्रतिकारक पेशींच्या सिग्नलिंगमध्ये आरओएसचं (रिॲक्टिव्ह ऑक्सिजन स्पीशीज, म्हणजे ऑक्सिजनपासून बनणारे क्रियाशील रेणू, फ्री रॅडिकल त्यातलेच) काम. घेताना सोपा वाटला होता, आता जितकं वाचतेय तितका गुंता वाढतोय म्हणून विचारते, या क्षेत्रातलं कुणी असेल तर प्लीज सांगा.

शाळेपासून आपण शिकलो की फ्री रॅडिकल म्हणजे वाईट, ते डीएनए तोडतात, पेशीचा पडदा खराब करतात, आणि अँटिऑक्सिडंट म्हणजे चांगले. मग इम्युनॉलॉजीत कळलं की न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) ते मुद्दाम बनवतात, जंतू गिळला की नॉक्स२ हे एन्झाइम ऑक्सिजनला एक इलेक्ट्रॉन देतं, सुपरऑक्साइड तयार होतं आणि त्यातून जंतू मारायची रसायनं बनतात. ठीक आहे, शस्त्र आहे, आपल्यालाही इजा करू शकतं. पण मग सीजीडी म्हणजे क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज हा जन्मजात आजार वाचायला घेतला. त्यात नॉक्स२ चालतच नाही, त्यामुळे मुलांना स्टॅफिलोकॉकस, अस्परजिलस, बर्कहोल्डेरिया असली इन्फेक्शन्स होतात, इथपर्यंत पटलं. पण त्याच मुलांच्या आतड्यात क्रोन्स या आतड्याच्या आजारासारखा दाह होतो, ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींच्या गाठी) वाढून जठराचं तोंड नाहीतर लघवीची वाट अडते, आणि बऱ्याचदा तिथे जंतू सापडतच नाही आणि स्टेरॉइड द्यावे लागतात!! आरओएसमुळे दाह होत असेल तर ज्यांच्यात ते बनतच नाही त्यांचा दाह सगळ्यांत कमी हवा ना?

आणि दुसरं म्हणजे, जो रेणू समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो तो निरोप कसा काय पोचवणार? हार्मोनला रिसेप्टर असतो, कुलूप-किल्लीसारखं बसतं. हा तर नुसता हातोडा.

रेडॉक्सवाली:
एमएस्सीला आहेस म्हणून तू म्हणते, चालेल ना. दुसरा प्रश्न आधी घेते कारण तो सुटला की पहिला अर्धा सुटतो.

आधी 'आरओएस' हा शब्दच जरा बाजूला ठेव. सगळा घोळ तिथून सुरू होतो, सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल रॅडिकल, हायपोक्लोरस ॲसिड, सगळे एकाच पिशवीत भरलेत आणि त्यांचे स्वभाव एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. तू म्हणतेस तो हातोडा म्हणजे हायड्रॉक्सिल, त्याचं आयुष्य नॅनोसेकंदांचं, जिथे जन्मतो तिथेच शेजाऱ्याला धरतो, त्याच्याकडून निरोप पोचायची आशाच नको. हायड्रोजन पेरॉक्साइड मात्र मुळात रॅडिकलच नाही, त्याच्यात एकटा पडलेला इलेक्ट्रॉन नाही, तो बराच वेळ टिकतो, त्याच्यावर चार्ज नाही, ॲक्वापोरिन ३ आणि ८ सारख्या वाटांनी पडदा ओलांडून पलीकडे जातो. आणि मुख्य म्हणजे तो निवडक आहे, बहुतेक प्रोटीनकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला लागतं सिस्टीन (प्रोटीनमधलं गंधक असलेलं अमिनो ॲसिड), तेही कुठलंही नाही, ज्याच्या गंधकावरचा प्रोटॉन आधीच निघून गेलाय असं, ज्याला थायोलेट म्हणतात.

असं सिस्टीन नेमकं कुठे बसलंय तर टायरोसीन फॉस्फटेज या एन्झाइमच्या ऐन मध्यात, जिथे त्याचं काम चालतं तिथेच. आता टी सेल किंवा बी सेल रिसेप्टरचा सिग्नल आठव, किनेज नावाची एन्झाइम प्रोटीनला फॉस्फेट लावून सिग्नल चालू करतात आणि फॉस्फटेज ते काढत राहतात, दोन्ही सतत चालू, म्हणून शांत पेशी शांत राहते. रिसेप्टरला काही चिकटलं, शेजारी थोडं पेरॉक्साइड तयार झालं, त्याने पीटीपी१बी किंवा एसएचपी-१ सारख्या फॉस्फटेजचं सिस्टीन ऑक्सिडाइझ केलं की ते तेवढ्यापुरतं बंद पडतं आणि किनेजचं पारडं जड होतं. म्हणजे पेरॉक्साइडने ॲक्सिलरेटर दाबला नाही, ब्रेकवरचा पाय उचलला. आणि हे परत फिरवता येतं, सल्फेनिक ॲसिड झालेलं, म्हणजे पहिल्या पायरीपर्यंत ऑक्सिडाइझ झालेलं सिस्टीन पेशीतले ग्लुटाथायोन आणि थायोरेडॉक्सिन पूर्ववत करतात. परत फिरतं म्हणूनच तो सिग्नल. पेरॉक्साइड फार झालं तर तेच सिस्टीन सल्फोनिकपर्यंत जातं, मग परतीची वाट नाही, ते नुकसान.

प्रमाणाचं म्हणशील तर पेशीच्या आत एरवी साधारण १ ते १० नॅनोमोलर पेरॉक्साइड असतं, सिग्नलच्या वेळी १०० च्या आसपास जातं, त्याच्या वर सतत राहिलं की त्रास सुरू. हेल्मुट सीस या बायोकेमिस्टनी १९८५ मध्ये ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (ऑक्सिडेशन फार होऊन पेशीला होणारा त्रास) ही कल्पना मांडली आणि पुढे त्यांनीच या खालच्या, उपयोगी पट्ट्याला ऑक्सिडेटिव्ह यूस्ट्रेस म्हणायला सुरुवात केली. स्लाइडवर हे नक्की घे.

एक खरी अडचण पण सांगून ठेवते, कुणीतरी विचारेलच. टेस्टट्यूबमध्ये मोजलं तर पीटीपी१बी आणि पेरॉक्साइडची रिॲक्शन फार हळू होते, आणि पेशीत पेरॉक्सिरेडॉक्सिन नावाची प्रोटीन्स लाखपट वेगाने पेरॉक्साइड गिळून टाकतात. मग फॉस्फटेजच्या वाट्याला येतं काय? यावर मला सगळ्यात आवडलेलं उत्तर असं की पेरॉक्सिरेडॉक्सिन नुसतं गिळत नाही, ते स्वतः ऑक्सिडाइझ होऊन पुढच्या प्रोटीनला ती खूण देतं, जशी बॅटन पुढे देतात. पेरॉक्सिरेडॉक्सिन २ कडून स्टॅट३ या जीन चालू करणाऱ्या प्रोटीनला अशी खूण जाते हे २०१५ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे तुझी कुलूप-किल्ली आहे, फक्त किल्ली पेरॉक्साइडच्या हातात नाही, ज्याला ते भेटतं त्याच्या हातात आहे.

वॉर्डातला_माणूस:
मी डॉक्टर आहे, सीजीडीची मुलं बघतो, त्यामुळे पहिला प्रश्न माझ्या रोजच्या कामातला. खूप चांगला प्रश्न आहे हो, आम्हालाही हे समजायला वेळ लागला.

१९५७ मध्ये या आजाराचं वर्णन झालं तेव्हा नावातच 'जीवघेणा' असा शब्द होता, मुलं लहानपणीच जायची. जंतू खाणाऱ्या पेशी जास्त ऑक्सिजन ओढतात हे १९३३ पासून माहीत होतं, पण त्या सुपरऑक्साइड बनवतात हे कळायला १९७३ उजाडलं. त्यामुळे सुरुवातीची सगळी वर्षं लक्ष इन्फेक्शनवर, आणि दाह दिसला की लोक म्हणायचे कुठेतरी जंतू लपला असणार, आपल्याला सापडत नाही एवढंच. आज कोट्रायमोक्साझोल (जंतूंविरुद्ध) आणि इट्राकोनाझोल (बुरशीविरुद्ध) या रोजच्या औषधांवर मुलं मोठी होतात, बऱ्याच जणांचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट होतं, आणि मुलं जगायला लागल्यावर दाहाचा प्रश्न जास्त ठळक दिसायला लागला.

जंतू लपलाय का याचं उत्तर एका साध्या प्रयोगात मिळतं. नॉक्स२ नसलेल्या उंदरांच्या फुप्फुसात मारलेलं, पूर्ण निर्जंतुक अस्परजिलस टाकलं. मेलेली बुरशी वाढणार नाही, मारायला काही उरलंच नाही. साध्या उंदरांमध्ये दाह आला आणि ओसरला. नॉक्स२ नसलेल्यांमध्ये तो आठवडेच्या आठवडे राहिला, ग्रॅन्युलोमा झाले. म्हणजे आरओएस नसल्यावर जंतू मारणंच फक्त अडत नाही, दाह थांबवणं पण अडतं.

का अडतं, तर एक कारण नाही. नॉक्स२ असेल तर एनआरएफ२ हा जीन चालू करणारा प्रोटीन जागा होतो, त्याला धरून ठेवणाऱ्या कीप१ वर असेच संवेदनशील सिस्टीन आहेत, आणि तो दाह आवरणारे जीन चालू करतो, सीजीडीत हे कमी पडतं आणि दाह वाढवणारा एनएफ-कप्पा-बी मोकाट राहतो. गिळलेल्या कणाभोवती एलसी३ नावाचं प्रोटीन जमवून तो नीट पचवायचा जो मार्ग आहे त्यालाही नॉक्स२ लागतं, ते नसलं की पेशी कचरा घेऊन बसते. न्यूट्रोफिल आपलं काम झाल्यावर वेळेत मरत नाहीत, मेले तर मॅक्रोफेज (साफसफाई करणाऱ्या पेशी) त्यांना उचलायला उशीर करतात. आणि आयएल-१ हा दाहाचा निरोप्या जास्त सुटतो. यातलं शेवटचं नीट लक्षात घ्या, कारण पुस्तकात लिहिलेलं असतं की आयएल-१ तयार करणाऱ्या एनएलआरपी३ इन्फ्लमासोम या प्रोटीनच्या संचाला आरओएस लागतं, मग ज्यांच्यात नॉक्स२ नाही त्यांच्यात आयएल-१ वाढतं कसं? तर तिथे नॉक्स२ लागतच नाही, जे काही लागतं ते बहुधा मायटोकाँड्रियातून येतं.

आणि हे नुसतं सीजीडीपुरतं नाही. २००३ मध्ये उंदरांपेक्षा मोठ्या, घुशीसारख्या प्रयोगातल्या रॅट्समध्ये संधिवात कुणाला जास्त होतो याचं जीन शोधत होते आणि सापडलं ते एनसीएफ१, म्हणजे नॉक्स२ च्याच संचातलं पी४७-फॉक्स. ज्यांच्यात आरओएस कमी त्यांचा संधिवात जास्त वाईट. माणसातही याच जीनचा आरओएस कमी करणारा एक प्रकार ल्युपसचा (शरीराच्याच पेशींवर हल्ला होणारा आजार) धोका वाढवतो.

उपचारातला पेच पण यातच आहे. सीजीडीच्या आतड्याच्या दाहाला टीएनएफ हा दाह वाढवणारा निरोप्या रोखणारी औषधं दिली तर आतडं सुधारतं, पण इन्फेक्शनं इतकी गंभीर होतात की पेशंट गेलेत. दाह दाबायचा आणि जंतूंना वाट द्यायची नाही हे दोन्ही एकाच मुलात सांभाळायचं असतं.

प्रश्नांकिता:
बाप रे, मेलेल्या बुरशीचा प्रयोग वाचून पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं, खूप खूप धन्यवाद दोघांना. पण आता तिसराच प्रश्न आला. ताई म्हणताहेत पेरॉक्साइड ब्रेक सोडतं म्हणजे सिग्नल वाढवतं, आणि सर म्हणताहेत आरओएस दाह थांबवतं. मग ते वाढवतं की थांबवतं??

झेब्राफिशवाला:
दोन्ही, आणि यात गोंधळायचं कारण नाही. कुठल्या पेशीत, कुठल्या एन्झाइममधून, किती आणि कधी, हे सांगितल्याशिवाय "आरओएस काय करतं" या प्रश्नाला अर्थच येत नाही. मी एकाच जखमेत दोन्ही दाखवतो, कारण ते डोळ्यांनी बघता येतं.

झेब्राफिशची पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात. २००९ मध्ये त्यांच्यात हायपर नावाचा पेरॉक्साइड दाखवणारा सेन्सर घालून शेपटीचा पंख किंचित कापला. साधारण ३ मिनिटांत जखमेच्या कडेला पेरॉक्साइड वाढायला लागतं, २० मिनिटांच्या आसपास शिखर गाठतं, कडेपासून आत १०० ते २०० मायक्रोमीटरपर्यंत त्याचा उतार पसरतो. आणि हे सगळं पहिली पांढरी पेशी पोचायच्या आधी! तोपर्यंत सगळ्यांची समजूत हीच होती की जखमेतलं पेरॉक्साइड पांढऱ्या पेशी आणतात. इथे ते त्वचेच्या पेशीच बनवत होत्या, ड्युऑक्स या एन्झाइमने, आणि ते बंद पाडलं तर पांढऱ्या पेशी जखमेकडे नीट येईनात. पेरॉक्साइड म्हणजे बोलावणं होतं. न्यूट्रोफिलना ते कळतं कसं, तर लिन नावाच्या किनेजवर एक सिस्टीन आहे, ४६६ नंबरचं, ते ऑक्सिडाइझ झालं की लिन जागं होतं. मी हे व्हिडिओ अजूनही विद्यार्थ्यांना दाखवतो आणि प्रत्येक वेळी स्वतःच बघत बसतो, कडेला उजेड वाढतो आणि मग त्या पेशी वळून चालायला लागतात.

आता दुसरी बाजू. बोलावलेले न्यूट्रोफिल येतात ते मायलोपेरॉक्सिडेज घेऊन, आणि ते एन्झाइम पेरॉक्साइड वापरून टाकतं. म्हणजे जे आले तेच बोलावणं बंद करतात. मायलोपेरॉक्सिडेज नसलेल्या माशांत जखमेतलं पेरॉक्साइड जास्त वेळ चढं राहतं. सुरू करणारा आणि थांबवणारा निरोप एकाच रेणूभोवती फिरतोय, एवढंच दाखव, लोकांना पटेल.

रेडॉक्सवाली:
सुंदर उदाहरण. याला टी सेलची जोड दे, कारण तिथे जंतू मारायचा संबंधच येत नाही, टी सेल काही गिळत नाही, तरी तिला आरओएस लागतं. २०१३ मध्ये फक्त टी सेलमधलं मायटोकाँड्रियाचं कॉम्प्लेक्स ३ निकामी केलेले उंदीर बनवले, त्या टी सेलना अँटिजेन (ओळखायचा परका रेणू) दाखवला तर जीन चालू करणारा एनएफएटी नीट जागा होईना, वाढीला लागणारं आयएल-२ बनेना, पेशी वाढेनात. पण त्याच पेशी लिम्फोसाइट नसलेल्या उंदरात सोडल्या तर रिकाम्या जागेत वाढत होत्या. म्हणजे मरायला टेकलेल्या नव्हत्या, अँटिजेनचा निरोप तेवढा पोचत नव्हता. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो.

जुना_बायोकेमिस्ट:
सगळं वाचलं, छान चाललंय. एक भर घालतो, 'शस्त्र' ही बाजू पण वाटते तेवढी सरळ नाही. मायलोपेरॉक्सिडेज म्हणजे ब्लीचसारखं हायपोक्लोरस ॲसिड बनवणारं एन्झाइम, ते जन्मतः नसलेली माणसं दर काही हजारांत एक असतात आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात काही होत नाही. नॉक्स२ नसेल तर सीजीडी, आणि त्याच्या पुढची पायरी नसेल तर बहुधा काहीच नाही. तेव्हा नॉक्स२ जे इलेक्ट्रॉन फॅगोसोममध्ये (गिळलेला जंतू ठेवलेल्या पिशवीत) ढकलतं त्याचा चार्ज भरून काढायला प्रोटॉन आणि इतर आयन आत जातात, त्याने आतली आम्लता आणि एन्झाइमचं काम बदलतं, हा भागही मोठा असावा असं मानणारे लोक आहेत. किती मोठा यावर वाद २० वर्षांहून जास्त चाललाय. सेमिनारमध्ये "आरओएस जंतू मारतं" हे एका वाक्यात संपवू नये इतकीच विनंती.

साधा_वाचक:
मी या क्षेत्रातला नाही, पण वाचत गेलो. मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्यायच्या की नाही? मी बरीच वर्षं घेतोय.

वॉर्डातला_माणूस:
इथे कुणाला गोळी चालू-बंद करायला सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. पण "घेतलं तर नुकसान तर नाही ना" हे गृहीत धरू नका. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी ट्रायल झाली, १९९४ मध्ये निकाल आला, बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. व्हिटॅमिन ई च्या मोठ्या ट्रायलमध्ये २०११ च्या निकालात प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त. आणि २००९ च्या एका अभ्यासात व्यायामाबरोबर रोज व्हिटॅमिन सी आणि ई घेणाऱ्यांमध्ये व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा फायदाच दिसेनासा झाला. हे रोगप्रतिकारक पेशींचे अभ्यास नाहीत, तेव्हा थेट जोडू नका, पण शरीरातलं सगळं ऑक्सिडेशन पुसून टाकणं हे ध्येय असू शकत नाही हे त्यातून दिसतं.

रेडॉक्सवाली:
प्रश्नांकिता, पेपर वाचताना एक काळजी घे, हे मनापासून सांगते कारण माझे यात जवळजवळ दोन आठवडे गेलेत. डीसीएफ नावाचा रंग वापरून "आरओएस वाढलं" असं शेकडो पेपरमध्ये लिहिलेलं असतं. माझ्या मॅक्रोफेजमध्ये काहीही घातलं तरी सिग्नल वाढत होता, मी खुश, मग एकदा नुसता बफर घातलेली प्लेट मोजली तर तिथेही वाढ! रंग उजेडानेच ऑक्सिडाइझ होत होता. आणि मुळात तो रंग पेरॉक्साइडशी थेट रिॲक्शन करतच नाही, त्याला लोह नाहीतर पेरॉक्सिडेज मध्ये लागतं, त्यामुळे नेमकं काय मोजलं हे सांगता येत नाही. तसंच एन-ॲसिटिलसिस्टीन हे अँटिऑक्सिडंट घातल्यावर परिणाम गेला म्हणून तो आरओएसचाच होता असं लिहिलेलं दिसलं की थांब, ते पेरॉक्साइडशी फार हळू रिॲक्शन करतं आणि पेशीत बाकी पण बरंच काही बदलतं. जिथे जीन काढून दाखवलंय किंवा हायपरसारखा सेन्सर वापरलाय तिथे जास्त विश्वास ठेव.

एक_आई:
मी सायन्सची नाही. माझ्या मुलाला सीजीडी आहे, ८ वर्षांचा आहे, एक्स-लिंक्ड म्हणाले म्हणजे माझ्याकडून गेलाय. सुरुवातीला मानेतल्या गाठी टीबीच्या म्हणून सहा महिने औषधं चालली मग कळलं. आता बरा आहे, रोज दोन गोळ्या घेतो. तेव्हा माझंही रक्त तपासलं, त्यात ५५ टक्के पेशी चांगल्या आल्या आणि मला सांगितलं तुम्ही फक्त वाहक, तुम्हाला काही होणार नाही. पण गेली दोन वर्षं मला तोंडात सारखे फोड येतात, उन्हात गेलं की गालावर लाल चट्टे उठतात, सांधे दुखतात, थकायला होतं. सगळे म्हणतात मुलाच्या टेन्शनने होतं. वरती सरांनी लिहिलंय आरओएस कमी असलं की ल्युपसचा धोका. माझा त्याच्याशी काही संबंध असेल का? मूर्ख प्रश्न असेल तर माफ करा.

वॉर्डातला_माणूस:
ताई, मूर्ख प्रश्न नाही, या सगळ्या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुमचा आहे.

एक्स-लिंक्ड म्हणजे बिघडलेला जीन एक्स क्रोमोसोमवर आहे, आणि बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू असतो, त्यामुळे तुमचे साधारण निम्मे न्यूट्रोफिल आरओएस बनवतात आणि निम्मे नाही. किती पेशी आरओएस बनवतात हे दाखवणारी डायहायड्रोरोडामाइनची जी तपासणी झाली तिच्या आलेखात तुम्हाला एक नाही, दोन उंचवटे दिसतील. इन्फेक्शनपासून वाचायला २० टक्क्यांच्या वर चांगल्या पेशी असल्या तर बहुतेक पुरतात, म्हणून तुम्हाला "काही होणार नाही" म्हणाले, इन्फेक्शनपुरतं ते बरोबरच होतं. पण दाहाचं गणित वेगळं आहे. वाहक बायकांमध्ये तोंडातले फोड, उन्हाने उठणारे चट्टे, ल्युपससारखी त्वचा, सांधेदुखी ही बऱ्यापैकी नेहमीची गोष्ट आहे, आणि चांगल्या पेशींच्या टक्केवारीशी तिचा मेळ बसत नाही, ५५ टक्के असूनही होऊ शकतं. बऱ्याचदा ल्युपसच्या रक्ताच्या तपासण्या निगेटिव्ह येतात म्हणून तक्रार सोडून दिली जाते.

तुम्हाला तेच आहे असं मी इथून सांगू शकत नाही. संधिवाताच्या किंवा त्वचेच्या तज्ज्ञांकडे जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की मी एक्स-लिंक्ड सीजीडीची वाहक आहे, मुलाची आणि तुमची जुनी तपासणी सोबत न्या. तोपर्यंत उन्हापासून जपा. तुम्हाला बहीण किंवा मुलगी असेल तर त्यांचीही वाहक तपासणी करून घ्या.

एक_आई:
बहीण आहे, तिचं आत्ताच लग्न ठरलंय. आज रात्रीच फोन करते तिला. फाइल काढून ठेवली, आलेखात खरंच दोन डोंगर आहेत, इतके दिवस मला वाटायचं प्रिंट नीट आली नसेल.

प्रश्नांकिता:
ताई, तुमची परवानगी असेल तर मी दोन उंचवट्यांची एक स्लाइड टाकतेय, तुमचा आलेख नाही, मी हाताने काढलेला. शेजारी एका ओळीत वाहक बायकांना काय काय होऊ शकतं ते लिहिलंय, फोड, चट्टे, सांधे. सर, "टक्केवारीशी संबंध नाही" हे वाक्य तसंच घेतलं तर चालेल का?

वॉर्डातला_माणूस:
चालेल. फक्त "इन्फेक्शनचा टक्केवारीशी आहे, दाहाचा नाही" असं लिहा, दोन्ही एकत्र असू देत.